झेपेल तेवढं

आईच्या व्हिसावर पंचेचाळीस दिवस होते आणि माझ्याकडे शिल्लक रजा होत्या पाच. म्युनिकमधल्या माझ्या एका खोलीच्या घरात तिनं पहिल्या आठवड्यात सगळे डबे घासून काढले, दुसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजींशी खुणांनी मैत्री केली आणि तिसऱ्या आठवड्यात विचारलं, "समुद्र किती लांब आहे रे इथून?"

आई देवरुखची. समुद्र तिच्या दारात कधी नव्हता, पण एसटीनं दीड-दोन तासांत गाठता यायचा. म्युनिकहून सगळ्यात जवळचा समुद्र म्हणजे आल्प्स ओलांडून इटली. मला चालायची हौस. कॉलेजच्या चार वर्षांत अभ्यासापेक्षा जास्त वेळ हरिश्चंद्रगड आणि राजमाचीला गेला असेल. तेव्हा ठरलं की इटलीत जायचं, समुद्र बघायचा आणि समुद्राकाठानं थोडं चालायचं. कुठे, एवढंच बाकी होतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. 'एवढंच बाकी' असलं की आम्ही शीट उघडतो.

शीटमध्ये दोनच नावं टिकली. एक चिंक्वे तेर्रे, दुसरं अमाल्फीचा किनारा. दोन्ही १९९७ साली युनेस्कोच्या यादीत गेलेले. दोन्हींचे फोटो सारखेच दिसतात, कड्याला चिकटलेली रंगीत घरं आणि खाली निळंशार पाणी. ऑफिसमधल्या इटालियन सहकाऱ्याला विचारलं, तर तो हसून म्हणाला, "तू मला उत्तर आणि दक्षिण यांत निवड करायला सांगतोयस, मी जेवायला चाललो." दोन्ही करावं म्हटलं, तर ला स्पेत्सियाहून नेपल्स हा जवळजवळ अर्ध्या इटलीचा प्रवास. पाच दिवसांतले किती तास गाडीत जाणार याचं गणित केलं आणि तो विचार सोडला.

फोटो सोडले तर या दोन जागा अगदी वेगळ्या आहेत.

अमाल्फीची प्रसिद्ध वाट म्हणजे सेंतिएरो देली देई. मराठीत सरळ 'देवांची वाट'. आजेरोला गावातल्या बोमेरानो नावाच्या वाडीपासून ती सुरू होते, समुद्रापासून सहाशे मीटरहून उंचावर. तिथून कड्याच्या कडेकडेनं सहा-सात किलोमीटर चालत पोझितानोच्या डोक्यावर असलेल्या नोचेल्लेला पोचायचं. उजवीकडे डोंगर, डावीकडे थेट हवा आणि तिच्याखाली समुद्र. स्वच्छ दिवस असेल तर पुढे काप्री बेट दिसतं. अडचण अशी की एकदा निघालं की मध्ये सोडणं सोपं नाही. नोचेल्लेला पोचल्यावर एक तर छोट्या बसची वाट बघायची, नाही तर दीड हजाराहून जास्त पायऱ्या उतरून पोझितानोत यायचं. मुळात बोमेरानोला पोचण्यासाठीच वळणावळणाच्या घाटातून बस. समुद्र खवळला की फेरी बोटीही बंद.

चिंक्वे तेर्रे म्हणजे पाच गावं. मॉन्तेरोसो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. त्यांना जोडणारी किनाऱ्याची वाट, सेंतिएरो अझ्झुर्रो, सगळी मिळून बारा किलोमीटरच्या आसपास. खरी गंमत वाटेत नाही, रेल्वेत आहे. १८७४ साली जिनोआ ते ला स्पेत्सिया लोहमार्ग पूर्ण झाला तो या गावांच्या पोटातून, बोगद्याबोगद्यानं. पाचही गावांना स्टेशन आहे. दोन गावांमध्ये चार-पाच मिनिटं लागतात. म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावापर्यंत चालायचं, दमलं तर गाडी पकडून परत. पाय मुरगळला, पाऊस आला, कंटाळा आला, तरी पुढच्या गावात स्टेशन आहेच.

आमच्या भाषेत याला रोलबॅक म्हणतात. काहीही डिप्लॉय करण्याआधी परत फिरायची सोय हवी.

मी शीटमध्ये रकाने केले. खर्च, प्रवासाचे तास, शाकाहारी जेवण, स्वच्छतागृहं, पायऱ्या, परतीची सोय. प्रत्येकाला एक ते पाच वजन. आणि एक रकाना, 'आई - गुडघा', वजन पाच. दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं होतं, दोन्ही गुडघ्यांत झीज आहे, चालणं सोडू नका, पण उतार सांभाळा. त्यातलं 'झीज' आणि 'उतार' माझ्या लक्षात राहिलं. 'चालणं सोडू नका' हे मी सोयीनं विसरलो होतो.

गुडघ्याच्या रकान्यात अमाल्फीला एक आणि चिंक्वे तेर्रेला चार गुण पडले. बेरीज करायचीही गरज नव्हती. त्या रात्री ला स्पेत्सियात स्टेशनजवळ खोली बुक केली. नॉन-रिफंडेबल, कारण बावीस युरो वाचत होते. सकाळी आईला सांगितलं, "ठरलं बरं का, बुकिंगही झालं."

"अरे वा," आई म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

*

मिलानहून समुद्राकडे जाणाऱ्या गाडीत तीन तास होते. आईनं गुळाच्या पोळ्या काढल्या, समोरच्या बाईंना आग्रहानं दिल्या. जिनोआनंतर बोगदे सुरू झाले. अंधार, मग दोन सेकंद समुद्र, परत अंधार. आई लहान मुलीसारखी प्रत्येक वेळी काचेला नाक लावत होती.

मला खोलीच्या मालकाला मेसेज करायचा होता. मी लॅपटॉप उघडा टाकून दाराजवळ नेटवर्क शोधायला गेलो. परत आलो तेव्हा आई चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेऊन शीट वाचत होती. आई छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. तक्ता दिसला की ती तो वाचतेच. तपासतेही.

"देवांची वाट म्हणजे काय रे?"

मी सांगितलं. कडा, काप्री, पायऱ्या.

"किती पायऱ्या?"

"दीड हजारावर. उतरताना. तुला झेपलं नसतं, म्हणून मग..."

ती काही बोलली नाही. परत एक बोगदा आला. काचेत आम्ही दोघं दिसत होतो, ती शीटकडे बघत असलेली आणि मी तिच्याकडे.

बोगदा संपल्यावर म्हणाली, "गुडघा माझा आहे ना? मग गुण तू कसे दिलेस?"

मी हसलो. ती हसली नाही.

"तुझ्या बाबांचा तक्ता डोक्यात असायचा. तुझा लॅपटॉपवर आहे, एवढाच फरक."

बाबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कधी सुटेल, कोण कुठे बसेल, परतीची शेवटची गाडी कोणती, हे त्यांना झोपेतही माहीत. घरातही तेच. आम्ही कुठे जायचं, कधी जायचं, कुणी जायचं, हे ठरूनच आमच्यापर्यंत यायचं. वाईट हेतू त्यात कधीच नव्हता. त्यांना फक्त कुणाचे हाल झालेले सहन व्हायचे नाहीत.

मी सातवीत असताना आईच्या शाळेतल्या चार बाई गिरनारला निघाल्या होत्या. दत्ताच्या पादुकांपर्यंत दहा हजार पायऱ्या. आईला फार जायचं होतं. बाबा जेवता जेवता म्हणाले, "दहा हजार पायऱ्या म्हणजे खेळ नाही. तुला झेपणार नाही." विषय संपला. आईनं त्या चौघींसाठी डिंकाचे लाडू करून दिले. मी ते डब्यात भरले होते, म्हणून लक्षात आहे. तेव्हा आईच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

'तुला झेपणार नाही.' तेच शब्द. मी तर पायऱ्यांचा आकडाही तसाच फेकला होता.

*

पहिल्या दिवशी आम्ही व्हिया देल्लामोरे केली, म्हणजे 'प्रेमाची वाट'. रिओमाज्जोरे ते मानारोला, एक किलोमीटरही नाही. कड्यात खोदलेली, सपाट, कठडा असलेली. २०१२ साली दरड कोसळून इथे चार पर्यटक जखमी झाले, तेव्हापासून ती बंद होती. जवळजवळ बारा वर्षांनी, २०२४ च्या उन्हाळ्यात, जाळ्या आणि आधार बसवून परत उघडली. आता वेगळं तिकीट आणि ठरलेली वेळ. माझ्या शीटमध्ये हिला पैकीच्या पैकी गुण होते.

वीस मिनिटांत आम्ही पलीकडे होतो. आई म्हणाली, "छान आहे. मरीन ड्राइव्हसारखं." तिला मरीन ड्राइव्ह कधीच फारसं आवडलेलं नाही.

दुपारी फरिनाता खाल्ला. हरभऱ्याच्या पिठाचं पातळ मिश्रण, ऑलिव्हचं तेल आणि मीठ घालून मोठ्या थाळ्यात ओतायचं आणि भट्टीत भाजायचं. आईनं एक घास घेतला आणि तिचा चेहरा उजळला. "अरे, हे तर धिरडं! कांदा-मिरची तेवढी विसरले." चार दिवसांत तिनं फरिनाता सहा वेळा खाल्ला. शाकाहाराच्या रकान्यात मी लिगुरियाला तीनच गुण दिले होते, तिथेही चुकलो.

रात्री खोलीत मी लॅपटॉप काढलाच नाही. विचारलं, "उद्या काय करायचं?"

एवढा साधा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारत होतो. आईलाही तो नवीन असावा, कारण ती बराच वेळ गप्प राहिली. मग नकाशा मागितला. कागदाचा. स्टेशनवर फुकट मिळालेला होता. तिनं बोट ठेवलं कोर्निल्यावर. "हे एकटंच वर का आहे?"

पाच गावांतलं कोर्निल्या हे एकच गाव पाण्याला टेकलेलं नाही. समुद्रापासून शंभरेक मीटर वर, कड्याच्या माथ्यावर. स्टेशन मात्र खाली. गावात जायला दोन मार्ग, एक छोटी बस आणि दुसरा लार्दारिना. लार्दारिना म्हणजे विटांचा नागमोडी जिना.

"किती पायऱ्या?"

"पावणेचारशे-चारशे. पण बस आहे. कार्डात फुकट."

"बघू उद्या," आई म्हणाली. या 'बघू' मध्ये 'तू बघू नकोस, मी बघीन' असं काहीतरी होतं.

सकाळी कोर्निल्याला उतरलो तर बस उभीच होती. मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर जीभ चावून उभा राहिलो. आई बसकडे बघून पुढे गेली, जिन्याच्या पायथ्याशी थांबली, साडीचा काष्टा आवरावा तशी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला गुंडाळली आणि चढायला लागली. प्रत्येक वळणावर थांबायची, कठड्याला हात लावायची, आकडा मोठ्यानं म्हणायची, पुढे जायची. मागून येणारे लोक पुढे जात होते. एका वळणावर तिचा श्वास फुललेला बघून मी पाण्याची बाटली पुढे केली. ती म्हणाली, "मागितलं की दे."

बाटली परत पिशवीत गेली. दोन वळणांनंतर तिनं मागितली.

वर पोचल्यावर तिचा आकडा होता ३८० आणि माझा ३७६. पुस्तकांत आणि पाट्यांवरही हा आकडा एकसारखा सापडत नाही, पण आईच्या मते माझंच मोजताना चुकलं. पाढे कच्चे असल्याचा उल्लेखही झाला. वर जाऊन तिनं एक लिंबाचं आइस्क्रीम खाल्लं आणि विचारलं, "पुढचं गाव चालत किती?"

*

कोर्निल्या ते वेर्नात्सा हा टप्पा साधारण साडेतीन किलोमीटर. माहिती फलकावर दीड तास लिहिलेला. आम्हाला तीन तास लागले. वाट आधी ऑलिव्हच्या बागांतून जाते, मग प्रेवो नावाच्या चार घरांच्या वस्तीपर्यंत चढते. समुद्रापासून दोनशे मीटर वरचा प्रेवो हा या सगळ्या वाटेवरचा सर्वांत उंच भाग. तिथून मागे कोर्निल्या आणि पुढे वेर्नात्साचा बुरूज असं सगळं दिसतं.

आई मात्र समुद्राकडे पाठ करून उभी होती. ती डोंगराच्या बाजूची भिंत बघत होती.

"हे गडगे आहेत रे."

आणि खरंच होते. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड रचून केलेली भिंत. आपल्याकडे कोकणात जांभ्याचे गडगे असतात तसे, फक्त दगड वेगळा आणि काम मोठं. चिंक्वे तेर्रेचा सगळा डोंगरच या गडग्यांनी बांधून काढलेला आहे. माणसांनी शेकडो वर्षं दगड रचून, माती भरून एकेक पायरी तयार केली आणि त्यावर द्राक्षं लावली. अशा कोरड्या दगडी भिंती रचण्याची कला २०१८ मध्ये युनेस्कोनं अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, इटलीसह युरोपातल्या आठ देशांच्या नावानं.

हे मी वाचलेलं होतं. आईनं वाचलेलं नव्हतं, पण ती मला भिंत समजावून सांगत होती. तिच्या वडिलांना तिनं गडगा घालताना पाहिलेलं. मोठे दगड खाली, भिंत किंचित आत कललेली, फटींत चिपा ठोकून बसवायच्या. मधली पोकळी मुद्दाम ठेवायची, म्हणजे पावसाचं पाणी निघून जातं. पाणी अडलं की फुगवटा येतो, आणि फुगवटा दिसला की त्याच वर्षी दुरुस्त करायचा, नाही तर पुढच्या पावसात गडगा खाली. ती थोडं पुढे गेली आणि एक फुगलेली जागा मला दाखवली. "ही जाणार बघ."

माणसं शेती सोडून शहरात गेली की गडग्यांकडे कुणी बघत नाही. २५ ऑक्टोबर २०११ ला इथे काही तासांत प्रचंड पाऊस पडला. डोंगरावरची माती आणि दगड ओढ्यांतून मॉन्तेरोसो आणि वेर्नात्सात उतरले, वेर्नात्साच्या मुख्य रस्त्यावर तळमजले बुडतील इतका चिखल साचला. सोडून दिलेल्या, ढासळलेल्या बांधांमुळे नुकसान वाढलं, असं तेव्हा बरंच लिहिलं गेलं. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आपल्या घराच्या मागचाही गेला. बाबांच्या आजारपणात बघायला कोण होतं?" मला तो पडलेला माहीत नव्हता. मी त्याच्याही बाबतीत कधी विचारलं नव्हतं.

मग उतार लागला.

वेर्नात्साकडची उतरण खडबडीत पायऱ्यांची आहे, उंची कमी-जास्त, काही दगड गुळगुळीत. पंधरा मिनिटांत आईचा चेहरा बदलला. ती आडवी होऊन एकेक पायरी उतरायला लागली. मग थांबली. "दुखतंय," म्हणाली.

म्हणजे माझी शीट अगदीच खोटी नव्हती. मी हे कबूल करतो की त्या क्षणी माझ्या मनात 'सांगितलं होतं' असं येऊन गेलं. तोंडावर आलं नसावं अशी आशा आहे. मी हात पुढे केला नाही. ती मागेल म्हणून थांबलो. ती एका गडग्यावर टेकली, दहा मिनिटं बसली, मग म्हणाली, "दे हात." आम्ही तसेच उतरलो, ती माझ्या खांद्यावर भार देऊन, मी एक पायरी खाली. खाली बंदरात तिनं पाय समुद्रात सोडले. गुडघा सुजला होता. "मजा आली," ती म्हणाली आणि स्वतःच पुढे म्हणाली, "उद्या मी कुठेही येणार नाही."

*

तिसऱ्या दिवशी मी एकटा गेलो. आईनंच पाठवलं. मानारोलाच्या वर वोलास्त्रा नावाचं गाव आहे, तिथून द्राक्षबागांतून वाट कोर्निल्याला जाते. मानारोला-कोर्निल्याची खालची वाट दरडींमुळे बरीच वर्षं बंद आहे, म्हणून लोक वरून जातात. चढ दमवणारा होता. सप्टेंबर असल्यानं द्राक्षांची तोडणी चालू होती. माणसं कंबरेत वाकून क्रेट भरत होती आणि एका रुळावरून सरपटणारी छोटी यंत्रगाडी ते क्रेट उतारावरून वाहून नेत होती. तोडणाऱ्यांत आईच्या वयाची एक बाई होती. आधी माझ्या मनात आलं, हिला झेपतं कसं? मग वाटलं, हा प्रश्न मी नक्की कुणाबद्दल विचारतोय? शेजारच्या तरुणाबद्दल तो मला पडला नव्हता, आणि धापा तर त्या दोघांपेक्षा मीच जास्त टाकत होतो.

दुपारी आईचा व्हॉइस मेसेज आला. ती एकटी ला स्पेत्सियाच्या बाजारात गेली होती. तुळशीची जुडी विकत घेतली होती, वास वेगळा आहे म्हणाली, आणि रस्ता चुकली होती, पण सापडला. माझे तीन मिस्ड कॉल तिनं घेतले नव्हते. "फोन पिशवीत होता," एवढंच.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "अमाल्फीला गेलो असतो तर बरं झालं असतं का गं?"

ती म्हणाली, "काय माहीत. पायऱ्या बघून मीच कदाचित नको म्हटलं असतं." मग खिडकीबाहेर बघत, "पण मी म्हटलं असतं."

*

आई ऑक्टोबरात परत गेली. जानेवारीत तिनं फोनवर सांगितलं की ती गिरनारला चालली आहे. त्या चौघींपैकी दोघी आणि ही. मला विचारलं नाही, तारीख सांगितली. माझ्या तोंडापर्यंत बरंच काही आलं होतं. मी फक्त विचारलं, "रोप-वे आहे ना आता?"

"आहे, अंबाजीपर्यंत. बघू तिथे जाऊन."

फोन ठेवल्यावर मी गिरनारचा नकाशा उघडला, पायऱ्या, दवाखाने, अंतरं बघितली. एक नवी शीटही उघडली. ती तशीच रिकामी बंद केली. याचं फार कौतुक नको, कारण त्या दिवशी मी तिला चार वेळा फोन केला.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. रोप-वेनं अंबाजीपर्यंत, तिथून चालत गोरखनाथ शिखरापर्यंत. दत्ताच्या पादुका समोर दिसत होत्या, पण मधला उतार बघून ती तिथेच थांबली. बाकी दोघी पुढे जाऊन आल्या, तोवर ती ऊन खात बसली होती. खाली एक फोटो होता, थोडा हललेला, ओढणी कमरेला गुंडाळलेली. आणि एक ओळ:

"इथूनच नमस्कार केला. पाय म्हणाले पुरे, मी म्हटलं बरं."